सही होण्याआधी मसुदा लोकांपुढे यावा

प्रति,
मा. श्री. पीयूष गोयल,
केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री,
वाणिज्य भवन, नवी दिल्ली.

विषय: मुक्त व्यापार करारांच्या वाटाघाटींतील पारदर्शकता आणि नागरिकांचा सहभाग

माननीय मंत्री महोदय,



२४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनमध्ये आपण आणि तिथले व्यापार मंत्री जोनाथन रेनॉल्ड्स यांनी भारत-ब्रिटन सर्वंकष आर्थिक व व्यापार करारावर सह्या केल्या. साडेतीन वर्षांच्या वाटाघाटींतून उभा राहिलेला तीस प्रकरणांचा हा दस्तऐवज त्याच दिवशी जाहीर झाला. करार लागू होताच स्कॉच व्हिस्कीवरचे आयात शुल्क १५० टक्क्यांवरून ७५ टक्क्यांवर आणि पुढे दहा वर्षांत ४० टक्क्यांवर येणार, भारतीय कापड, चामडे आणि कोळंबीला ब्रिटनची बाजारपेठ शुल्काविना खुली होणार, हे लगोलग सगळ्या वर्तमानपत्रांनी छापले. पण भिवंडीचे यंत्रमागधारक, दिंडोरीचे द्राक्ष बागायतदार आणि स्वस्त औषधांसाठी झगडणाऱ्या रुग्णसंघटना यांच्या हाती मूळ मजकूर आला, तेव्हा त्यातला एक शब्दही बदलण्याची वेळ टळून गेली होती.

ब्रिटनच्या नागरिकांनाही अंतिम मजकूर त्याच दिवशी मिळाला. फरक आहे तो त्याआधीच्या चार वर्षांचा. वाटाघाटी सुरू होण्यापूर्वी, २५ मे ते ३१ ऑगस्ट २०२१ असे चौदा आठवडे, ब्रिटिश सरकारने भारताशी करार कसा असावा याबद्दल आपल्या उद्योगांची, संघटनांची आणि सामान्य नागरिकांची मते मागवली. जानेवारी २०२२ मध्ये दिल्लीत वाटाघाटींची घोषणा झाली, तेव्हा त्या सरकारने आपली भूमिका सांगणारा एक सविस्तर दस्तऐवज प्रसिद्ध केला. लोकांनी काय सांगितले, सरकार काय मागणार आहे आणि त्यातून देशाला किती लाभ होईल असे वाटते, हे सगळे त्यात होते. भारत सरकारकडून भारतीय नागरिकापुढे असा दस्तऐवज आला नाही. काही फेऱ्यांनंतर मोजक्या ओळींची संयुक्त निवेदने निघाली, तेवढीच.

हे पत्र मुक्त व्यापार करारांच्या विरोधात नाही. निर्यातीची दारे उघडली तर त्याचा लाभ महाराष्ट्राइतका फार थोड्या राज्यांना होईल. नाशिक-सांगलीची द्राक्षे, कोकणचा हापूस, पुणे-चाकणचे वाहनांचे सुटे भाग, मुंबईची औषधे आणि दागिने, इचलकरंजीचे कापड, हे सगळे परदेशी बाजारपेठेकडे डोळे लावून बसलेले व्यवसाय आहेत. गेल्या काही वर्षांत आपल्या मंत्रालयाने संयुक्त अरब अमिराती, ऑस्ट्रेलिया, युरोपीय मुक्त व्यापार संघटनेचे चार देश आणि ब्रिटन यांच्याशी ज्या वेगाने करार केले, त्यामागचे कष्ट मान्यच आहेत. मागणी एवढीच आहे की देशाच्या नावाने जे मागायचे आणि जे द्यायचे, ते सहीपूर्वी देशाला कळावे, आणि त्यावर बोलण्याची रीतसर संधी लोकांना मिळावी.

ही मागणी आज पूर्वीपेक्षा निकडीची झाली आहे, कारण व्यापार करार आता केवळ जकातीचा हिशेब उरलेला नाही. ब्रिटनशी झालेल्या करारात बौद्धिक संपदा आहे, सरकारी खरेदी आहे, डिजिटल व्यापार, कामगार आणि पर्यावरण आहे. यातल्या प्रत्येक विषयावर संसदेत कायदा करायचा झाला, तर विधेयक मांडावे लागते, ते समितीकडे जाऊ शकते, त्यावर चर्चा होते. करारातून तीच गोष्ट एका सहीने ठरते. शिवाय कायदा पुढच्या संसदेला बदलता येतो. करारातली अट बदलायला मात्र समोरच्या देशाची संमती लागते.

औषधांचेच उदाहरण घ्यावे. ९ मार्च २०१२ रोजी मुंबईच्या पेटंट कार्यालयातून पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी भारतातला पहिला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना दुसऱ्या कंपनीला औषध बनवू देणारी परवानगी, दिला. बायर कंपनीचे नेक्साव्हर हे मूत्रपिंड आणि यकृताच्या कर्करोगावरचे औषध महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना पडत होते. हैदराबादच्या नॅटको कंपनीने तेच औषध नऊ हजारांच्या आत देण्याची तयारी दाखवली. परवाना देताना नियंत्रकांनी जी कारणे नोंदवली, त्यात औषध रुग्णांना पुरेसे मिळत नाही, परवडत नाही, आणि पेटंटचा वापर भारतात होत नाही, ही तीन मुख्य होती. हे सिद्ध होण्यासाठी पेटंटधारकाने दरवर्षी सरकारला द्यायची माहिती कामी आली: पेटंटचा वापर भारतात होतो का, किती माल विकला, किती रुपयांना विकला. मुंबई उच्च न्यायालयानेही २०१४ मध्ये तो परवाना कायम ठेवला.

मार्च २०२४ मध्ये पेटंट नियम बदलले आणि ही माहिती दरवर्षीऐवजी तीन वर्षांतून एकदा देण्याची मुभा मिळाली. त्या नियमांचा मसुदा ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर करून सरकारने हरकती मागवल्या होत्या, ही बाब नोंदवायलाच हवी. पण ब्रिटनशी झालेल्या करारात हा कालावधी तीन वर्षांपेक्षा कमी असू नये असे कलम आले आणि त्यावर हरकत घेण्याची सोय कोणालाच नव्हती. औषधे लोकांपर्यंत पोहोचवण्यासाठी पेटंटधारकाने स्वेच्छेने दिलेला परवाना हा अधिक चांगला मार्ग आहे, असेही त्या करारात नमूद आहे. सक्तीचा परवाना देण्याचा भारताचा अधिकार अबाधित असल्याचे आपल्या मंत्रालयाने स्पष्ट केले. ते खरे मानले, तरी एक गोष्ट उरतेच. उद्या एखाद्या सरकारला दरवर्षी ती माहिती मागण्याची पद्धत पुन्हा आणावीशी वाटली, तर त्याचे हात कराराने बांधलेले असतील. २०२३ मध्ये ज्या नियमावर नागरिक बोलू शकत होते, तो नियम त्यांच्या हातून निसटला आणि कधी निसटला हे त्यांना सही झाल्यावर कळले.

नागरिकांना विचारण्याचा फायदा वाटाघाटी करणाऱ्यांनाही आहे. २०१० साली युरोपात पोहोचलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले. बागायतदार त्याला सीसीसी म्हणतात. वेलीची वाढ आटोक्यात ठेवण्यासाठी ते वापरले जाई. माल बंदरांत अडकला आणि नाशिक-सांगलीच्या बागायतदारांचा हंगाम कर्जाच्या खाईत गेला. तेव्हा आयात शुल्काचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता रेसिड्यूचा, म्हणजे फळात उरणाऱ्या अंशाच्या मर्यादेचा, ती कोण ठरवतो, कधी बदलतो आणि बदल किती आधी कळवतो याचा. चार वर्षांनी हापूसवर तशीच वेळ आली. फळमाशी सापडल्याचे कारण देऊन युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून, म्हणजे ऐन हंगामात, भारतीय आंब्यावर बंदी घातली. ती जानेवारी २०१५ मध्ये उठली, पण एक हंगाम हातचा गेला.

शुल्क शून्य झाले तरी अशा एका नियमाने माल परत येऊ शकतो. करारातले सर्वात मोलाचे कलम कधी कधी शुल्काच्या तक्त्यात नसते, ते वनस्पती-आरोग्याच्या प्रकरणात असते: नियम बदलताना आगाऊ सूचना किती दिवसांची, प्रयोगशाळेचा कोणता अहवाल ग्राह्य, वाद झाल्यास माल सडण्यापूर्वी निवाडा होण्याची सोय काय. हे कुठे अडते ते ऑक्टोबर छाटणीपासून कंटेनर भरेपर्यंत बागेत उभा राहणारा माणूस सांगू शकतो. रत्नागिरी-देवगडचा आंबा बागायतदार सांगू शकतो. त्यांना वाटाघाटींच्या आधी विचारले, तर दिल्लीतल्या अधिकाऱ्याच्या हाती मागण्यांची अधिक नेमकी यादी असेल.

आपले मंत्रालय सल्लामसलत करतच नाही, असे कोणी म्हणणार नाही. निर्यात प्रोत्साहन परिषदा, उद्योगांचे महासंघ, इतर मंत्रालये यांच्याशी बैठका होतात. पण त्या बैठकांना निमंत्रण लागते. कोणाला बोलावले, कोणी काय सांगितले आणि त्यातले काय स्वीकारले, हे बाहेरच्याला कळत नाही. मोठ्या उद्योगाचा प्रतिनिधी दिल्लीत असतो; यंत्रमागधारकाचा, मच्छीमार सोसायटीचा किंवा ऊसतोड कामगाराचा नसतो. अमेरिकेत हा असमतोल कायद्यानेच पक्का झाला. १९७४ च्या व्यापार कायद्याने तिथे सल्लागार समित्या स्थापन झाल्या, त्यांत उद्योगांचे प्रतिनिधी भरले आणि त्यांना गोपनीय मसुदे पाहता येऊ लागले. २०१२ मध्ये परिस्थिती अशी आली की पॅसिफिक भागीदारी कराराचा मसुदा कंपन्यांच्या सल्लागारांना पाहता येतो, पण आपल्या कार्यालयाला पाहता येत नाही, अशी तक्रार खुद्द सिनेटच्या व्यापारविषयक उपसमितीचे अध्यक्ष रॉन वायडन यांना करावी लागली आणि त्यासाठी विधेयक मांडावे लागले. भारताने तो मार्ग घेऊ नये.

गोपनीयतेचा मुख्य युक्तिवाद असा असतो: पत्ते उघडे करून वाटाघाटी होत नाहीत. यात तथ्य आहे. कोणत्या वस्तूवर शेवटी किती शुल्क सोडायला तयार आहोत, कुठल्या मुद्द्यावर माघार घेता येईल, ही माहिती गुप्तच राहिली पाहिजे. पण आपण समोरच्या देशाला दिलेला लेखी प्रस्ताव समोरच्यापासून लपलेला नसतोच. तो त्यांच्या टेबलावर असतो. तो लपलेला असतो फक्त आपल्या नागरिकांपासून.

युरोपीय संघाला हा धडा महागात शिकावा लागला. बनावट मालाविरुद्धचा ॲक्टा करार अनेक वर्षे बंद दाराआड घडला. मसुदे फुटून बाहेर आले, युरोपभर निदर्शने झाली आणि ४ जुलै २०१२ रोजी युरोपीय संसदेने तो ३९ विरुद्ध ४७८ मतांनी फेटाळला. एवढ्या वर्षांची मेहनत एका मतदानात गेली. त्यानंतर अमेरिकेशी सुरू झालेल्या वाटाघाटींत संघाने वेगळी वाट धरली. २०१४ मध्ये परदेशी गुंतवणूकदाराला सरकारविरुद्ध थेट लवादाकडे जाऊ देणाऱ्या तरतुदीवर जाहीर मते मागवली. जवळजवळ दीड लाख उत्तरे आली आणि बहुसंख्य विरोधात होती. पुढच्याच वर्षी संघाने जुनी पद्धत सोडून न्यायालयासारखी रचना असलेला नवा प्रस्ताव तयार केला. त्याच काळात संघाने आपले वाटाघाटींचे आदेशपत्र गोपनीयतेतून मुक्त केले आणि स्वतःचे प्रस्ताव प्रसिद्ध करायला सुरुवात केली.

भारताशी २००७ मध्ये सुरू झालेली, २०१३ मध्ये थांबलेली बोलणी २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हाही संघाने तसेच केले. आपले अनेक प्रकरणांचे लेखी प्रस्ताव त्याने जाहीर केले आणि फेऱ्यांचे वृत्तांत प्रसिद्ध केले. त्यामुळे विदर्भातल्या कापूस उत्पादकाला किंवा पुण्यातल्या औषध अभ्यासकाला युरोप भारताकडे काय मागतो आहे ते वाचता आले. भारत युरोपकडे काय मागतो आहे, ते मात्र वाचता आले नाही. शुल्काचे आकडे युरोपनेही गुप्त ठेवले, आणि प्रस्ताव उघड केल्याने त्याची वाटाघाटींची ताकद घटल्याचे दिसले नाही.

स्वित्झर्लंड याहून पुढे आहे. तिथे महत्त्वाच्या करारावर शंभर दिवसांत ५० हजार सह्या जमल्या, तर सार्वमत घ्यावे लागते. इंडोनेशियाशी झालेल्या करारावर पाम तेलाच्या प्रश्नावरून असे सार्वमत ७ मार्च २०२१ रोजी झाले. सरकारला जंगले, तेल आणि शेतकरी यांबद्दल लोकांना समजावून सांगावे लागले, आणि ५१.६ टक्के मतदारांनी कराराच्या बाजूने कौल दिला. युरोपीय मुक्त व्यापार संघटनेच्या देशांनी भारताशी १० मार्च २०२४ रोजी केलेल्या करारालाही स्विस नागरिकांसाठी हीच मुभा होती. सार्वमताची वेळ आली नाही आणि करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. पंधरा वर्षांत १०० अब्ज डॉलर गुंतवणुकीचे उद्दिष्ट असलेल्या या करारावर झुरिकच्या नागरिकाला जो हक्क होता, त्याचा छोटासा अंशही नागपूरच्या नागरिकाला नव्हता.

महोदय, उघडपणाला सरकारने विरोधाची नांदी समजू नये. त्याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. डिसेंबर १९९१ मध्ये जागतिक व्यापाराचे नियम ठरवणाऱ्या गॅट कराराचे महासंचालक आर्थर डंकेल यांनी आपला मसुदा मांडला, आणि पुढची दोन-अडीच वर्षे 'डंकेल' हे नाव गावच्या पारापर्यंत पोहोचले. बियाण्यांचे काय होणार, पेटंट म्हणजे काय, परदेशी धान्य येणार का, यावर सभा झाल्या, पुस्तिका निघाल्या. कर्नाटकचे प्रा. नंजुंडस्वामी आणि उत्तर प्रदेशचे महेंद्रसिंह टिकैत विरोधात उभे राहिले. महाराष्ट्रातल्या शेतकरी संघटनेचे शरद जोशी मात्र मसुद्याच्या बाजूने उभे राहिले. शेतमालाचे भाव सरकारी निर्बंधांनी पाडले जातात आणि खुल्या व्यापारात शेतकऱ्याचे हित आहे, असे त्यांनी हजारोंच्या सभांना सांगितले. इंद्रकुमार गुजराल यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने मसुदा तपासून अहवाल दिला. मजकूर समोर होता, म्हणून विरोधही मुद्द्यावर झाला आणि पाठिंबाही.

त्याच्या उलट चित्र आशिया-प्रशांत देशांच्या आरसेप या व्यापार कराराच्या वेळी दिसले. २०१२ पासून सात वर्षे बोलणी चालली. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाचे दूध येणार, या भीतीने देशभरचे दूध उत्पादक रस्त्यावर आले; पूर्ण मसुदा कोणी पाहिला नव्हता, फुटलेली काही पाने आणि ऐकीव माहिती यांवरच सगळी चर्चा होत होती. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकमध्ये भारताने माघार घेतली. तो निर्णय अनेकांना योग्य वाटला, अनेकांना चुकीचा. पण तो निर्णय तोलण्यासाठी लागणारी माहिती आजही भारतीय नागरिकाकडे नाही.

गुप्त कराराची किंमत काय असते, हे महाराष्ट्राला दाभोळने शिकवले आहे. डिसेंबर १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाने एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ वीज कंपनीशी वीज खरेदी करार केला. करारातला मजकूर लोकांपासून दूर ठेवला गेला. पुण्याच्या प्रयास संस्थेच्या अभ्यासकांनी आकडेमोड करून ही वीज राज्याला न परवडणारी असल्याचे दाखवले. १९९५ मध्ये करार रद्द झाला, १९९६ मध्ये नव्याने झाला, १९९९ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली आणि २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले. माधव गोडबोले समितीने त्या व्यवहाराची चिकित्सा केली, तीही नुकसान झाल्यावर. परदेशी गुंतवणूकदार आंतरराष्ट्रीय लवादांकडे गेले आणि त्यांच्याशी तडजोडी करेपर्यंत २००५ साल उजाडले.

याच राज्यात आज वीजदर ठरवण्याची पद्धत काय आहे? महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगापुढे वीज कंपनीला आपला प्रस्ताव आकड्यांसह जाहीर करावा लागतो, जनसुनावणी होते, कोणताही ग्राहक लेखी हरकत घेऊ शकतो, ग्राहक संघटना तज्ज्ञांसह उभ्या राहतात, आणि आयोगाला आदेशात प्रत्येक मुद्द्याचे उत्तर द्यावे लागते. सगळे निर्णय ग्राहकांच्या मनासारखे होतात असे नाही. पण निर्णय का झाला ते लिहिलेले असते. वीजदरासाठी जे शक्य झाले, ते व्यापार करारासाठी अशक्य का मानावे?

केंद्र सरकारनेही एकदा ही वाट चालून पाहिली आहे. व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीने २०११ मध्ये भारताविरुद्ध लवाद जिंकला, त्यानंतर सरकारने गुंतवणूक करारांचा नवा नमुना तयार करायला घेतला. मार्च २०१५ मध्ये त्याचा मसुदा लोकांच्या अभिप्रायासाठी जाहीर झाला. न्या. ए. पी. शाह यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने ऑगस्ट २०१५ मध्ये २६० व्या अहवालात त्याची कलमवार छाननी केली, आणि अंतिम नमुना त्या वर्षाअखेर मंजूर झाला. लोकांनी मसुदा वाचला म्हणून देशाचे काही बिघडले नाही.

घटनात्मक बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. परदेशांशी करार करणे हा केंद्र सूचीतला १४ वा विषय आहे, आणि शेती हा राज्य सूचीतला १४ वा. अनुच्छेद २५३ मुळे करार अमलात आणण्यासाठी संसद राज्याच्या विषयावरही कायदा करू शकते. करार होण्यापूर्वी संसदेची मंजुरी मात्र घ्यावी लागत नाही, आणि राज्यांना विचारण्याचे बंधन नाही. आसियान करारावर १३ ऑगस्ट २००९ रोजी सही झाली, तेव्हा मिरी, नारळ आणि मासळीच्या चिंतेने केरळात त्या वर्षीच्या गांधी जयंतीला राज्यभर मानवी साखळी उभी राहिली, आणि तिथले मुख्यमंत्री व्ही. एस. अच्युतानंदन तिच्या आघाडीवर होते. एका राज्य सरकारला आपले म्हणणे सांगण्यासाठी रस्त्यावर यावे लागले. न्या. वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील राज्यघटना आढावा आयोगाने त्याच्या सात वर्षे आधी, २००२ मध्ये, राज्यांच्या हिताला भिडणाऱ्या करारांपूर्वी आंतरराज्य परिषदेशी विचारविनिमयाचा पर्याय सुचवला होता.

म्हणून हे पत्र आपल्या मंत्रालयापुढे पाच मागण्या ठेवत आहे.

एक, कोणत्याही देशाशी बोलणी सुरू करण्यापूर्वी भारताची उद्दिष्टे सांगणारा दस्तऐवज मराठीसह आठव्या अनुसूचीतल्या भाषांत प्रसिद्ध व्हावा आणि त्यावर निदान साठ दिवस लेखी मते मागवावीत. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४(१)(ग) महत्त्वाची धोरणे आखतानाच संबंधित तथ्ये प्रसिद्ध करायला सांगते, आणि कलम ४(४) स्थानिक भाषेचा विचार करायला सांगते. केंद्राच्या कायद्याआधी आपला स्वतःचा माहिती अधिकार कायदा करणाऱ्या राज्यातून ही आठवण दिली जात आहे.

दोन, प्रत्येक फेरीनंतर झालेल्या चर्चेचा वृत्तांत आणि भारताने दिलेले लेखी प्रस्ताव जाहीर व्हावेत. शुल्काचे प्रस्ताव आणि माघारीच्या मर्यादा यातून वगळाव्यात.

तीन, कराराचा परिणाम कोणत्या राज्यावर, कोणत्या पिकावर, कोणत्या धंद्यावर काय होईल, याचा स्वतंत्र अभ्यास व्हावा आणि राज्य सरकारांचे लेखी म्हणणे त्याला जोडावे. नाशिक, रत्नागिरी, लातूर, इचलकरंजी अशा ठिकाणी जनसुनावण्या व्हाव्यात. अमेरिकेशी २०२५ मध्ये सुरू झालेल्या वाटाघाटींत सोयाबीन, मका आणि दुग्धजन्य पदार्थांचा विषय लातूर-सांगलीच्या घराघरात पोहोचला आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क आधी सप्टेंबरअखेर, मग डिसेंबरअखेरपर्यंत माफ झाले. विदर्भातला कापूस दिवाळीच्या आसपास बाजारात येतो. सूतगिरण्यांची गरज खरी असेल, पण शेतकऱ्याची बाजू ऐकण्यासाठी त्या निर्णयात एकही पायरी नव्हती.

चार, सहीपूर्वी अंतिम मसुदा किमान साठ दिवस संसदेच्या वाणिज्यविषयक स्थायी समितीपुढे आणि जनतेपुढे असावा, आणि समितीच्या अहवालाला मंत्रालयाने मुद्देसूद उत्तर द्यावे. ब्रिटनमध्ये २०१० च्या कायद्याने करार मंजुरीपूर्वी संसदेपुढे २१ कामकाजी दिवस ठेवावा लागतो. ती तरतूदही अपुरी आहे अशी तिथल्या खासदारांची तक्रार आहे. भारताने तिच्यापेक्षा चांगली पद्धत घडवावी.

पाच, करार लागू झाल्यावर ठरावीक मुदतीने त्याचा जाहीर ताळेबंद मांडला जावा. भारतीय निर्यातदार या करारांचा वापर केवळ ५ ते २५ टक्के इतकाच करतात, असे नीती आयोगाच्या एका टिपणात नमूद होते. आसियान कराराचा फेरविचार त्यावर सही झाल्यानंतर दशकभराहून अधिक काळाने हाती घेण्यात आला. अमिरातीशी अवघ्या ८८ दिवसांत झालेल्या करारानंतर प्लॅटिनमच्या मिश्रधातूच्या नावाखाली सोने येऊ लागले आणि २०२५ मध्ये नवी शुल्क वर्गवारी व आयातीवर निर्बंध आणावे लागले. मिश्रधातूच्या व्याख्येत अशी फट राहू शकते, हे आधी विचारण्यासाठी झवेरी बाजारात जाणती माणसे होती.

या पाचही गोष्टींसाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही. केंद्राच्या २०१४ च्या विधिपूर्व सल्लामसलत धोरणानुसार विधेयकांचे मसुदे तीस दिवस लोकांपुढे ठेवणे अपेक्षित आहे. जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच मंत्रालयाने परकीय व्यापार धोरणात १.०७ अ आणि १.०७ ब हे परिच्छेद घालून धोरण ठरवताना व बदलताना संबंधितांचे म्हणणे घेण्याची तरतूद केली. निर्यातीच्या नियमात बदल करताना ज्यांना विचारणे आपण आवश्यक मानले, त्यांना त्याहून कितीतरी दूरगामी असलेल्या करारांबाबतही विचारावे. तसा परिच्छेद मुक्त व्यापार करारांसाठी जोडणे आपल्या अधिकारात आहे.

उत्तर मुंबईचे प्रतिनिधी या नात्याने आपण ज्या शहरातून संसदेत गेला आहात, तिथे देशातली मोठी बंदरे, औषध कंपन्या, हिरे-दागिन्यांची बाजारपेठ आणि त्यांत राबणारी लाखो माणसे आहेत. पुढच्या कराराच्या वाटाघाटींसाठी तरी ही पद्धत सुरू करावी, आणि संसदेच्या येत्या अधिवेशनात त्याचे वेळापत्रक सभागृहापुढे ठेवावे, ही विनंती.

कळावे,

आपला,
महाराष्ट्रातील एक नागरिक